दोन इंजिनांचं जुनं विमान घ्यावं का? बजेट सव्वा लाख डॉलर

हुरॉनकाठचा

नमस्कार मंडळी. इथे विमान चालवणारे पाच-सहा आयडी आहेत हे मागच्या धाग्यांवरून कळलं होतं, म्हणून प्रश्न इथेच टाकतोय. इंग्रजी साइट्सवर विचारलं की दहा मिनिटांत भांडणं लागतात. इथे निदान अर्धा तास तरी लागतो.

राहतो मिशिगनात, ॲन आर्बरला. खाजगी वैमानिकाचं लायसन्स आहे, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत काट्यांवर उडायची परवानगी) आहे. दोघांच्या भागीदारीत एक पायपर आर्चर आहे. एक इंजिन, १८० अश्वशक्ती, ११५-१२० नॉटचा (ताशी नॉटिकल मैलांचा) वेग. मुलगी मॅडिसनला, विस्कॉन्सिनात शिकते. मध्ये मिशिगन सरोवर आडवं. मस्कीगनहून मिलवॉकीला सरळ गेलं तर साधारण सत्तर नॉटिकल मैल पाणीच पाणी. नऊ हजार फुटांवर इंजिन बंद पडलं तर आर्चर हवेत तेरा-चौदा मैल तरंगत जाईल. म्हणजे मधला चाळीसेक मैलांचा पट्टा असा की ना हा काठ मिळणार ना तो. पाणी मे महिन्यातसुद्धा हाडं गोठवणारं. म्हणून दर वेळी सरोवराच्या दक्षिण टोकाला, शिकागोला वळसा घालून जातो.

आता भागीदाराला त्याचा वाटा काढून घ्यायचाय. विमान विकून माझ्या वाट्याला येतील ते आणि साठवलेले, असे मिळून सव्वा लाख होतात. गंमत अशी की या पैशात धड एका इंजिनाचं विमान शोधायला गेलं तर सत्तरच्या दशकातली सेस्ना १७२ सुद्धा लाखाच्या आसपास बोलतात. आणि त्याच किमतीत ट्विन कोमांचे, बीचक्राफ्ट ट्रॅव्हल एअर, सेस्ना ३१०, स्कायमास्टर अशी दोन-दोन इंजिनांची विमानं जाहिरातीत दिसतात. पायपर अपाची तर त्याहून खाली. हे एवढं स्वस्त का? आणि कुठलं बघावं?

बायकोची अट साधी आहे. दोन इंजिनं असतील तर ती सरोवरावरून यायला तयार आहे. नाहीतर ती आगगाडीने जाणार.

खमंग_काकडी

स्वस्त का, ते विकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघितला की कळतं. हलके घ्या. चहा घेऊन बसलोय, चालू द्या.

पाना_नंबर_बारा

टेक्सासात विमानांचा मेकॅनिक आहे, वार्षिक तपासणीवर सही करायचा अधिकार आहे, त्यामुळे अशा विमानांच्या पोटात डोकं घालून बरंच आयुष्य गेलंय. लांब लिहितो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. विमानाची किंमत १९६५ सालच्या विमानाची, पण सुटे भाग आणि मजुरी आजच्या. दोन इंजिनं, चार मॅग्नेटो, दोन गव्हर्नर, दोन फेदर होणारे (इंजिन गेल्यावर पाती वाऱ्याच्या धारेला वळवता येणारे) पंखे. एका इंजिनाचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून नव्यासारखं करणं) आज पस्तीस-चाळीस हजारांच्या खाली होत नाही. लाखभराच्या विमानाला ऐंशी हजारांची इंजिनं लागतात म्हटल्यावर गिऱ्हाईक पळतं, आणि म्हणून किंमत पडते.

आता कुठलं. अपाची हा सज्जन प्राणी आहे, १९५४ पासून विकायला लागलं, सुरुवातीला प्रत्येकी १५० अश्वशक्ती. पण हळू, आणि एका इंजिनावर चढायची बोंब. चाकं वर-खाली करणारा हायड्रॉलिक पंप फक्त डाव्या इंजिनावर असतो. डावं गेलं की हातपंप मारत बसा, आणि नेमक्या त्याच वेळी हाताला दुसरी दहा कामं असतात. ३१० देखणं आणि जोरदार, पण त्याची सहा सिलिंडरची कॉन्टिनेंटल इंजिनं तुमचं बजेट पिऊन टाकतील. ट्रॅव्हल एअर चांगलं, लायकमिंगची साधी चार सिलिंडरची इंजिनं, पण बाजारात कमी येतं आणि बीचक्राफ्टच्या सुट्या भागांच्या किमती ऐकून घाम फुटतो. सेमिनोल आणि डचेस ही दोन इंजिनांची विमानं तर फ्लाइंग स्कूलवाले सोडतच नाहीत, त्यामुळे भाव वर.

राहिलं ट्विन कोमांचे, पीए-३०. १९६३ ला आलं. दोन आयओ-३२० इंजिनं, प्रत्येकी १६० अश्वशक्ती. दोन्ही मिळून ताशी सोळा-सतरा गॅलन पिऊन १६० नॉटच्या आसपास जातं. हिशोब करून बघा. तुमचं आर्चर दहा गॅलनमध्ये १२० मैल जातं. म्हणजे मैलामागे कोमांचेला पाव-एक हिस्साच पेट्रोल जास्त लागतं. दोन इंजिनांच्या विमानात एवढी काटकसर क्वचितच बघायला मिळते.

त्याचा शेवट मात्र वाईट झाला. जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाने पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीला पूर आला आणि पायपरचा लॉक हेवनचा कारखाना पाण्याखाली गेला. कोमांचेचे साचे आणि जोडणीची सामग्री त्यातच गेली, आणि पायपरने ती मालिका पुन्हा सुरूच केली नाही. त्यामुळे सगळ्यात धाकटं ट्विन कोमांचेही आज पन्नाशी ओलांडलेलं आहे. मालकांची इंटरनॅशनल कोमांचे सोसायटी आहे, तिचे सभासद आधी व्हा, विमान नंतर घ्या. कुठला भाग कुणाकडे मिळतो ते तिथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं.

विकत घेण्याआधीची तपासणी विकणाऱ्याच्या मेकॅनिककडून कधीच करून घेऊ नका. जाहिरातीत लिहिलेलं असेल 'ओव्हरहॉलनंतर फक्त ४०० तास'. ओव्हरहॉल कुठल्या सालचा ते विचारा. १९९६ चा निघाला तर ते इंजिन तीस वर्षांचं आहे आणि बहुतेक काळ झोपलेलं आहे. लायकमिंगचा कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो, विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि गंज धरतो. कंपनीच म्हणते तास भरले नाहीत तरी बारा वर्षांनी ओव्हरहॉल करा. खाजगी मालकाला सक्ती नाही, पण कंपनी ते उगाच म्हणत नाही. तेलाचा फिल्टर कापून धातूचा चुरा बघायचा, सिलिंडरमध्ये बोअरस्कोप घालायचा, पंखांतल्या रबरी टाक्या गळतात का बघायचं. चाकांच्या यंत्रणेवर एफएएचा (अमेरिकेच्या विमान खात्याचा) सक्तीचा आदेश आहे, तासांच्या हिशोबाने ती उघडून बघावी लागते, आणि रबरी बंजी विमान उडो न उडो, तीन वर्षांनी बदलायच्याच. लॉगबुकात याच्या नोंदी नसतील तर उठून घरी या.

आणि हीटर! एका इंजिनाच्या विमानात एक्झॉस्टच्या उष्णतेवर केबिन गरम होते. इथे नाकात पेट्रोल जाळणारा वेगळा हीटर असतो. त्याचीही ठरावीक काळाने दाबाची चाचणी लागते. मिशिगनात राहता म्हणून मुद्दाम सांगतोय. बरेच मालक तो बंद करून ठेवतात आणि जाहिरातीत त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

हुरॉनकाठचा

_/\_ पानाभाऊ, प्रिंट काढून ठेवतोय. स्कायमास्टरबद्दल काहीच लिहिलं नाहीत?

पाना_नंबर_बारा

स्कायमास्टर, म्हणजे सेस्ना ३३७, एक इंजिन पुढे आणि एक मागे. कल्पना झकास. एक बंद पडलं तरी विमान बाजूला ओढत नाही. पण मागच्या इंजिनाला गार हवा नीट मिळत नाही, आणि ते बंद पडल्याचं धावपट्टीवर कळत नाही. मागचं इंजिन मेलेलं असताना लोकांनी टेकऑफ सुरू केलेत. म्हणून आधी मागचा थ्रॉटल द्यायचा, इंजिन बोलतंय ना ते बघायचं, मग पुढचा. मागच्या एकट्यावर ते पुढच्या एकट्यापेक्षा बरं चढतं, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. दोन्ही इंजिनांवरचं पत्र्याचं काम इतकं दाटीचं की मजुरीचे तास वाढतात. मला तरी त्याची वार्षिक तपासणी आली की सुट्टी घ्यावीशी वाटते.

सरळरेषा

मी विरुद्ध पक्षात. अंतर मोजलं. ॲन आर्बर ते मॅडिसन सरळ रेषेत साधारण अडीचशे मैल, शिकागोजवळच्या गॅरीवरून वळसा घेतला तर दोनशे नव्वदच्या आसपास. म्हणजे आर्चरमध्ये वीस मिनिटांचा फरक. वीस मिनिटांसाठी दुसरं इंजिन पोसणार?

दुसरं म्हणजे तुमच्या सरोवरावर नोव्हेंबर ते मार्च ढग बसलेले असतात आणि त्या ढगांत बर्फ धरतो. बर्फाला इंजिनं मोजता येत नाहीत. या बजेटमध्ये बर्फात उडायची अधिकृत परवानगी असलेलं विमान जवळपास मिळत नाहीच. म्हणजे निम्मं वर्ष तुम्ही दोन इंजिनं घेऊनही जमिनीवरच, किंवा आगगाडीत वहिनींच्या शेजारी. त्यापेक्षा भागीदाराचा वाटा विकत घ्या, उरलेल्या पैशात आर्चरला नवीन ओव्हरहॉल करा, चांगला ऑटोपायलट बसवा, लाइफ राफ्ट घ्या. लहान विमानं बहुतेक वेळा वैमानिकाच्या निर्णयामुळे पडतात. पेट्रोल संपणं, ढगात शिरणं. त्यावर दुसरं इंजिन काय करणार?

उलटी_फिरकी

सरळरेषा, बर्फाच्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत. बाकीचं अर्धं.

मी फ्लोरिडात इन्स्ट्रक्टर आहे, दोन इंजिनांचं रेटिंग शिकवते. दुसरं इंजिन सगळीकडे सारखं उपयोगी नसतं, हे आधी डोक्यात पक्कं करा. सरोवरावर नऊ हजार फुटांवर, पेट्रोल थोडं जळून वजन हलकं झालेलं असताना एक इंजिन गेलं, तर तुमच्याकडे वेळ असतो. मेलेल्या इंजिनाचा पंखा फेदर करायचा, विमान हळूहळू खाली येत एका उंचीवर टिकतं, तुम्ही मिलवॉकीला उतरता. तिथे वहिनींचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण धावपट्टीवरून तीनशे फूट वर गेला आहात, चाकं नुकतीच आत गेलीत, विमानात चार माणसं आणि जुलैची दुपार, तिथे तेच दुसरं इंजिन तुम्हाला पालथं घालू शकतं.

का ते सांगते. अर्धी ताकद गेली म्हणजे चढण्याचा वेग अर्धा होतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. नुसतं हवेत टिकून राहायला जी ताकद लागते ती आधी वजा होते, उरलेल्यावर विमान चढतं. त्यामुळे एक इंजिन गेलं की चढण्यातला ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त भाग जातो. कधीकधी सगळाच जातो. आणि ही विमानं ज्या नियमांखाली प्रमाणित झाली त्यात सहा हजार पौंडांच्या आतल्या, ६१ नॉट किंवा त्याखाली स्टॉल होणाऱ्या (वेग कमी पडून पंखांची उचल सुटणाऱ्या) विमानाने एका इंजिनावर चढलंच पाहिजे अशी सक्तीच नाही. कंपनीने फक्त आकडा मोजून सांगायचा. तो आकडा उणेसुद्धा असू शकतो!

शिवाय चालू इंजिन एका बाजूला ओढतं. ती ओढ शेपटीचा रडर सावरतो, पण त्यासाठी वेग हवा. वेग स्पीडोमीटरवरच्या तांबड्या रेघेखाली गेला की रडर अपुरा पडतो आणि विमान कलंडतं. ट्विन कोमांचेचं नाव साठच्या दशकात यातच खराब झालं. तेव्हा इन्स्ट्रक्टर मुद्दाम एका इंजिनाची ताकद काढून विमान त्या वेगापर्यंत हळू करून दाखवत. साध्या इंजिनाची ताकद उंचीवर कमी होते, त्यामुळे ती तांबडी मर्यादा खाली सरकते. स्टॉलचा वेग मात्र स्पीडोमीटरवर तिथेच राहतो. दोन्ही एकमेकांना येऊन भिडले की स्टॉल आणि कलंडणं एकाच क्षणी, म्हणजे सरळ गिरकी. बऱ्याच अपघातांनंतर एफएएने त्या विमानाची ही मर्यादा ताशी ८० मैलांवरून ९० वर नेली. आता आम्ही तो सराव बेताने आणि उंचावर करतो. मुख्य म्हणजे शिकवण्याची पद्धत बदलली. नंतरच्या ट्विन कोमांचेत, पीए-३९ मध्ये, पंखे उलट-सुलट दिशांना फिरतात, ते मिळालं तर सोनं, पण फार थोडी बनली.

रेटिंगला लेखी परीक्षा नाही आणि किमान तासांची अटही नाही. तोंडी आणि विमानातली परीक्षा. काही जण दहा-पंधरा तासांत घेऊन जातात. माझ्या मते तिथून खरं शिकणं सुरू होतं. विमा कंपनीचंही तेच मत असतं, त्याच प्रकारच्या विमानात इन्स्ट्रक्टरबरोबर पंचवीसेक तास काढल्याशिवाय एकट्याला सोडत नाहीत.

ॲन आर्बरची मोठी धावपट्टी साडेतीन हजार फुटांची ना? टेकऑफच्या वेगाला पोचून, इंजिन जाऊन, ब्रेक मारून थांबायला किती लागतात ते पुस्तकात बघा. भरलेल्या विमानाने उन्हाळ्यात निघायचं असेल तर शेजारचं विलो रन चांगलं.

खमंग_काकडी

ताई, चहा गार झाला वाचताना. एक बाळबोध प्रश्न. कुठलं इंजिन गेलं हे काट्यांवर दिसत असेल ना?

उलटी_फिरकी

काटे फसवतात. पंखा वाऱ्याने फिरत राहतो, त्यामुळे आकडे जिवंत दिसतात. पायावर विश्वास ठेवायचा. विमान सरळ ठेवायला ज्या पायाला जोर लावावा लागतो त्याच्या समोरचा, म्हणजे जो पाय मोकळा पडलाय त्या बाजूचं इंजिन गेलेलं असतं. मग त्या बाजूचा थ्रॉटल मागे घेऊन खात्री करायची. काहीच फरक पडला नाही तर इंजिन बरोबर ओळखलं, मग फेदर. घाईत चालू इंजिनच बंद करणारे असतात, म्हणून दर सहा महिन्यांनी इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून हे करावं लागतं. सरावाचे तास आणि पेट्रोलही तुमच्या बजेटमध्ये धरा.

कॉलोरॅडोची_कैरी

धागा भन्नाट चाललाय. उलटी_फिरकी यांना अनुमोदन. आमच्या सेंटेनियल विमानतळाची धावपट्टीच ५,८८५ फुटांवर आहे. उन्हाळ्याच्या दुपारी इथे अपाचीचं एक इंजिन गेलं तर दुसरं फक्त कुठे उतरायचं ते निवडायला थोडा वेळ देतं. मिशिगनात जमीन आठशे-नऊशे फुटांवर आहे म्हणून तुमचा विचार निदान शक्य कोटीतला. धागाकर्त्याने आपला प्रदेश सांगितला हे बरं केलं, नाहीतर सगळे आपापल्या गावचा सल्ला देतात.

धुळ्याची_धावपट्टी

वाचतोय. आमच्या धुळ्यात बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमानं डोक्यावरून जातात, त्यामुळे या विषयाची लहानपणापासून ओढ. भाचा सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) करतोय, त्याचे दोन इंजिनांचे तास एवढे महाग पडतात की बहिणीने सोन्याचा विषय काढलाय. इकडे हौसेसाठी असं विमान बाळगणं म्हणजे आयातीची परवानगी, शुल्क, डीजीसीएचे कागद, हँगर, सगळंच अवघड. या विमानांना लागणारं १०० एलएल पेट्रोलसुद्धा २०२२ मध्ये इंडियन ऑइलने गुजरात रिफायनरीत बनवायला सुरुवात करेपर्यंत बाहेरूनच यायचं. तुम्ही लोक सव्वा लाख डॉलरला बजेट म्हणता आणि रडता, मजा आहे!

बदलापूर_टू_बोस्टन

कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो, धागाकर्ते ग्रीन कार्डवर की सिटिझन? एच-१बी वर असाल तर विमान स्वतःच्या नावावर नोंदवता येत नाही. नोंदणीला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला लागतो, नाहीतर ट्रस्टचा मार्ग. नवीन भागीदार घेऊन एलएलसी (कंपनी) काढणार असाल तर त्यातही नागरिकत्वाच्या अटी आहेत, आधी वकिलाशी बोला. आणि ग्रीन कार्ड असलं तरी दोन इंजिनांच्या रेटिंगचं प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसएची (वाहतूक सुरक्षा खात्याची) मंजुरी लागते. तुम्ही इन्स्ट्रुमेंटच्या वेळी केली असेल, पण ती यालाही चालते असं गृहीत धरू नका. आमच्या ओळखीत एकाने विमान घेतलं, इन्स्ट्रक्टर ठरवला आणि मग मंजुरीची वाट बघत हँगरचं भाडं भरत बसला.

नोंदणी मात्र जगातली सगळ्यात स्वस्त गोष्ट. पाच डॉलर, सात वर्षांसाठी. ओक्लाहोमा सिटीला कागद जातात. तिथूनच विमानाच्या नावावर कुणाचं कर्ज किंवा मेकॅनिकचं थकलेलं बिल आहे का ते शोधून घ्या.

हुरॉनकाठचा

सर्वांचे आभार. ग्रीन कार्ड आहे, टीएसएचा अर्ज आज भरतो.

काल रात्री एक्सेल मांडलं. वर्षाला शंभर तास धरले. पेट्रोल सतरा गॅलन, सहा डॉलर भावाने दहा हजार. हँगर महिना चारशे म्हणजे अठ्ठेचाळीसशे. विम्याला पहिल्या वर्षी साडेचार-पाच हजार सांगताहेत. वार्षिक तपासणी पाच-सहा हजार. ओव्हरहॉलसाठी इंजिनामागे तासाला वीस डॉलर बाजूला टाकायचे, ते चार हजार. इथेच तीस झाले. पानाभाऊंचे पंखे, बंजी, हीटर आणि 'अरे हे काय निघालं' यांचे चार-पाच. म्हणजे तासाला साडेतीनशे डॉलर. आर्चर याच्या निम्म्यात उडतं.

सरळरेषा, वीस मिनिटांचा मुद्दा खरा आहे, पण इन्स्ट्रुमेंट फ्लाइटला शिकागोचे कंट्रोलर सरळ वळसा देतच नाहीत, पार पश्चिमेला फेकतात. आणि मुलीचं शिक्षण संपल्यावरही आम्हाला ट्रॅव्हर्स सिटी, डोर काउंटी, पलीकडचे मित्र, सगळं सरोवराच्या भोवतीच आहे. हिवाळ्यात आगगाडी हे मान्य. एक मात्र ठरवलं, एकट्याने घ्यायचं नाही. इथला एक रिटायर्ड इंजिनिअर अर्धा वाटा घ्यायला तयार आहे, आणि त्याच्याकडे दोन इंजिनांचे भरपूर तास आहेत.

सरळरेषा

अर्ध्या वाट्याने असेल तर विरोध मागे घेतो. पण अर्ध्या वाट्यात सरावाचे तासही अर्धे होऊ देऊ नका. लाइफ राफ्ट तरी घ्याच.

हुरॉनकाठचा

राफ्ट घेणार. इंडियानात एक १९६६ चं पीए-३० सापडलंय, टिप टाक्यांसह (पंखांच्या टोकांना जादा टाक्या), एकूण १२० गॅलन. लॉगबुकं पहिल्यापासून आहेत असं म्हणतो. डाव्या इंजिनाचं ओव्हरहॉल २०१७ चं, उजव्याचं २००३ चं. दीड वर्षापासून फारसं उडालेलं नाही. मागतोय एक लाख अठरा हजार. शनिवारी बघायला जातोय.

पाना_नंबर_बारा

उजवं इंजिन संपलेलं धरूनच भाव करा, म्हणजे वरचे चाळीस हजार तुमच्या डोक्यात आधीच असतील. कबूल नसेल तर दुसरं बघा, पीए-३० दोन हजारांच्या आसपास बनली होती. हीटर चालू करून दाखवायला सांगा, नुसता 'चालतो' म्हटलेलं ऐकू नका. स्कॅन केलेली लॉगबुकं शनिवारच्या आत मागवा आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बंजी आणि चाकांच्या नोंदी बघून देतो.

आणि तुमच्या हँगरचं दार मोजा. या विमानाचे पंख छत्तीस फूट, टिप टाक्या धरल्या की जरा जास्त. तुमचं आर्चर पस्तीसच्या थोडं वर आहे, म्हणजे बसेल बहुतेक, पण काठावर असेल तर आधीच कळलेलं बरं.

हुरॉनकाठचा

दार चाळीस फूट. लॉगबुकं मागवतो आणि व्यनि करतो.